मेलेलं जातं कुठे?

ओढ्याकाठचा

लहानपणी मेलेली चिमणी, खार, सरडा असं काहीतरी पुरून, नंतर ते उकरून पाहिलेले इथे किती जण आहेत? लाजू नका, टोपणनावं त्यासाठीच असतात.

घरातल्या माणसांच्या जाण्याबद्दल हा धागा नाही. मला बोलायचंय ते त्या वयाबद्दल, जेव्हा मेलेलं काही दिसलं की रडू यायच्या आधी काठी शोधली जायची. उलटं करून बघायला.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. गावाबाहेर माळावर ढोरं टाकायची जागा होती. शाळेतून येताना जरा वाकडी वाट केली की लागायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कातडं सोललेला बैल सकाळी आणून टाकला की मधल्या सुट्टीपर्यंत लिंबाच्या शेंड्यावर एकदोन गिधाडं येऊन बसलेली असायची. ती उतरली की मग आभाळातून थवाच्या थवा. मान पार खांद्यापर्यंत आत घालायची, बाहेर काढायची, शेजारच्यावर फिसकारायचं, पुन्हा आत. थवा मोठा असेल तर तास-दोन तासांत कारभार आटोपलेला. घरी जाताना बघावं तर बरगड्यांचा पिंजरा, आणि उडता येत नाही इतकं खाल्लेली दोनचार गिधाडं बांधावर पंख पसरून बसलेली.

पण ते सगळं लांबून. जवळून बघायला मिळायचं ते ओढ्याच्या काठी. बेडूक, मारून टाकलेला साप, कुत्र्याचं पिल्लू. हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माश्या कुठून यायच्या देव जाणे, पण आमच्या आधी हजर असायच्या. दुसऱ्या दिवशी अळ्या. त्या इतक्या दाटीने वळवळायच्या की खालचं जनावर हलतंय असं वाटायचं. एकदा एक अळी पानावर घेऊन निरखली. जाड टोकाला दोन तपकिरी ठिपके. हे डोळे, यावर आमचं एकमत. मग ती चालायला लागली ती बरोबर उलट्या बाजूला, निमुळत्या टोकाकडे! मागे डोळे असलेलं जनावर? यावर आमच्यात जी जुंपली ती पुढे मारामारीपर्यंत गेली. कॉलेजात प्राणिशास्त्र घेतल्यावर उलगडा झाला. ते ठिपके म्हणजे श्वास घ्यायची छिद्रं. अळीचं तोंड निमुळत्या टोकाला, तिथे बारीक आकडे असतात. तोंड मांसात खुपसून ती पार बुडी मारते आणि मागचं टोक वर ठेवून श्वास घेते. खाणं आणि श्वास दोन्ही एकाच वेळी, अखंड.

घरी विचारलं, तर आईचं उत्तर ‘शी, आधी आंघोळ कर’ आणि आजोबांचं ‘मातीत मिळालं’. आजोबांचं उत्तर ऐकायला भारदस्त, पण माझं त्याने समाधान होत नसे. एवढा थोरला बैल होता, त्याची इतकीच माती? बाकीचा गेला कुठे?

हा सरळ हिशेबाचा प्रश्न आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. जनावरात निम्म्याहून जास्त पाणी. ते उडून जातं, झिरपून जातं. मांस-चरबी ज्यांनी खाल्ली त्यांच्या अंगी लागते, आणि त्यातलं बरंचसं त्यांच्या श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातं. म्हणजे बैलाचा मोठा भाग मातीत नाही, हवेत मिळालेला असतो. दहा वर्षांच्या पोराला हे समजलं असतं. पण कोणी सांगितलं नाही, कारण प्रश्न घाणीचा आहे असं मोठ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. मरणाची भीती आणि कुजण्याची किळस या दोन्ही पोरांना आपण नंतर शिकवतो, असं माझं मत आहे. मत खोडून काढायचं असेल तर जरूर काढा. पण त्याआधी तुमचे किस्से येऊ देत.

पोळीभाजी

डबा उघडून बसले होते. आभारी आहे.

केवडा

हात वर! मी मात्र शाकाहारी गटातली. पिंपळाची पानं मडक्यात पाणी घालून भिजत ठेवायचो. पाणी असलं घाण व्हायचं, वर तवंग, वास तर विचारूच नका. आई मडकं फेकायला निघाली की मी रडून गोंधळ घालायचे. काही आठवड्यांनी पान काढून नळाच्या बारीक धारेखाली धरायचं आणि जुन्या टूथब्रशने हलके हलके थापटायचं. हिरवा गाळ सुटून जातो आणि हातात राहते ती नुसती जाळी. मधली जाड शीर, तिच्या फांद्या, फांद्यांच्या फांद्या, शेपटीसारखं लांब टोकसुद्धा शाबूत. ती वहीत वाळवून त्यावर गणपती रंगवायचा. कुजवणं हा माझ्यासाठी हस्तकलेचा तास होता!

एक मात्र विचारायचंय. पानाचं बाकीचं सगळं कुजतं, मग शिराच का राहतात? माझी एक जाळी अजून तशीच आहे.

गुरांचा डॉक्टर

तुम्ही सांगता तो माळ आता बघायला जाऊ नका, गिधाडं दिसणार नाहीत.

नव्वदच्या दशकात राजस्थानात भरतपूरला बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेच्या विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की घरटी ओस पडतायत आणि गिधाडं फांदीवर मान टाकून बसल्या जागी मरतायत. कारण सापडलं २००४ साली, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. डायक्लोफेनॅक. लंगडणाऱ्या, ताप आलेल्या गुराला आम्ही सर्रास टोचायचो ते औषध. ते जनावर नंतर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. शवविच्छेदनात काळजा-मूत्रपिंडावर यूरिक आम्लाचा पांढरा थर बसलेला दिसतो. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरणं चालूच राहिलं. म्हणून २०१५ साली माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एकेरी कुपीतच विकायचं, असा नियम करावा लागला. त्याऐवजी मेलोक्सिकॅम हे औषध चालतं, गिधाडांना त्याने अपाय होत नाही.

आता ढोरं टाकतात तिथे कुत्र्यांच्या टोळ्या असतात. गिधाड तासाभरात उरकायचं ते कुत्री चार-पाच दिवस चिवडतात, आणि पोरांना तिकडे फिरकू देणं खरोखर धोक्याचं झालंय.

तक्क्यावरून

लिहिलंय चांगलं. एकच विचारतो. ‘कातडं सोललेला बैल सकाळी आणून टाकला.’ कोणी टाकला? सोलला कोणी? तुमच्या वाक्यात माणूसच नाही.

आमचे पणजोबा ते काम करायचे. हौस म्हणून नाही. गावकीचं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं बजावलं. त्यानंतर गावोगाव आमच्या लोकांनी ढोरं ओढणंही बंद करत आणलं आणि त्यापायी बहिष्कार सोसले. आमच्याकडे हे आजोबांच्या पिढीत सुटलं. आजी सांगायची, काम सोडल्यावरचं पहिलं जनावर एका बड्या वाड्याच्या गोठ्यात मेलं आणि तिथेच पडून राहिलं. वास सुटला तेव्हा गावाला पहिल्यांदा कळलं की हे एक काम असतं आणि ते कोणीतरी करत असतं.

किळस नंतर शिकवली जाते म्हणता ते अगदी खरं. पण ती नुसती कुजण्याची शिकवत नाहीत, ते उचलणाऱ्याचीही शिकवतात, आणि ती आंघोळीने जात नाही.

बाकी कुतूहल आमच्याही घरात होतंच. आजोबांना जनावराचं एकेक हाड माहीत होतं, कुठल्या हाडाच्या खोबणीत कुठलं बसतं ते मातीत काडीने काढून दाखवायचे. वडील बीएस्सीला गेले तेव्हा सांगाड्याच्या प्रात्यक्षिकाला त्यांना पुस्तक उघडावं लागलं नाही.

ओढ्याकाठचा

@तक्क्यावरून, माणूस सांगतो. आमच्या लहानपणी ते काम ठेक्यावर गेलं होतं. बाहेरगावचे दोघे भाऊ बैलगाडी घेऊन यायचे, कातडं त्यांचं. गिधाडांचं झालं की हाडं वेचायला वेगळी माणसं, बहुतेक बायका, पोत्यात भरून वजनावर विकायच्या. त्या हाडांची पूड होऊन ती खतात जायची. त्या दोघा भावांची नावं आम्हाला ठाऊक नव्हती. मेलेल्या बैलाचं नाव मात्र सगळ्या वर्गाला ठाऊक असायचं.

तुमच्या आजोबांबद्दल स्वतंत्र धागा काढाच, ही विनंती.

तक्क्यावरून

बघू. वडिलांना बसवतो एकदा.

माडाचं आळं

आम्ही श्रीवर्धनकडचे. आमच्याकडे घरातलं कुत्रं-मांजर गेलं की ते माडाच्या बुंध्याशी पुरायची पद्धत. सडलेली सुकट, माशांची डोकी, सगळं माडाच्या आळ्यातच जायचं, तसंच हेही. आमचा मोती गेला तेव्हा मी दुसरीत असेन. खड्डा कंबरेइतका खोल खणला, वर मीठ टाकलं, दगड ठेवले कोल्ह्याने उकरू नये म्हणून. पुढच्या वर्षी त्या माडाला नारळ जास्त लागले, असं आजी शेजारणीला अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी, सांगत होती. मी त्या माडाचं शहाळं प्यायचं सोडलं. धाकटा भाऊ मुद्दाम तेच मागायचा आणि माझ्याकडे बघत बघत प्यायचा. नालायक.

आता वाटतं, आजीचंच बरोबर होतं. तिला मोतीचं वाईट वाटलं नव्हतं असं नाही, त्या दिवशी जेवली नव्हती ती. पण वाईट वाटणं आणि माडाला खत होणं या दोन गोष्टी तिच्या डोक्यात भांडत नव्हत्या.

डॉक्टर, गिधाडं पार संपलेली नाहीत हो. आमच्या शेजारच्या म्हसळा तालुक्यात चिरगावला ती झाडांवर घरटी करतात आणि गावाने ती जपलीत.

बालवाडीची बाई

भीती नंतर शिकवली जाते, हे मला अर्धंच पटतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला भीती नसते कारण त्याला मरण म्हणजे काय तेच पुरतं कळलेलं नसतं.

मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट यांनी १९८४ मध्ये तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यात एक बाब स्पष्ट दिसते: मरण कळणं म्हणजे एकच गोष्ट कळणं नव्हे. मेलेलं परत येत नाही, हे एक. मेल्यावर शरीराचं सगळं काम थांबतं, हे दुसरं. जिवंत असलेलं सगळंच कधी ना कधी मरतं, हे तिसरं. बहुतेक मुलांना हे पाच ते सात या वयात उमगतं, पण तिन्ही एकदम नाही.

आमच्या अंगणात खारीचं पिल्लू मेलं. मुलांनी ते पुरलं, आणि एका मुलीने खड्ड्यात शेंगदाणे ठेवले. कशाला गं? तर ‘त्याला रात्री भूक लागली तर?’ आता या मुलीला पिल्लू परत येणार नाही हे पक्कं माहीत होतं, तसं ती बाकीच्यांना ठासून सांगत होती. पण भूक थांबते हे अजून पोचलं नव्हतं. मी शेंगदाणे राहू दिले. दुसऱ्या एका मुलाला घरी सांगितलेलं होतं की मेलेले देवाघरी जातात. तो खड्ड्यात वाकून म्हणाला, ‘पण हे तर इथेच आहे.’ त्याच्या आईला मी एवढंच सांगितलं की ‘झोपला’ तेवढं म्हणू नका. झोपेची भीती बसते मुलांना, पुढे रात्री निस्तरावं लागतं.

एमबीबीएस अण्णा

रसभंग करायला आलोय. कुतूहल ठीक, हात लावणं बंद. मेलेलं वटवाघूळ, कुत्रं, मुंगूस यांच्या जवळपासही नको, रेबीजचा प्रश्न आहे. उंदीर मेलाय आणि पाऊस आहे, तर त्या पाण्यात अनवाणी नको, लेप्टो होतो. आणि एकाच जागी बरेच पक्षी मरून पडलेले दिसले तर काठीनेही ढोसू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला तेव्हा राज्यात काही ठिकाणी कावळेही त्यानेच मेले होते.

एकटा-दुकटा सरडा, फुलपाखरू, पानं, फळं असेल तर खुशाल बघा. लांब काठी, नंतर साबण. बस.

रानभूल

@केवडा, शिरांत लिग्निन असतं, लाकडाला लाकूडपण देणारं. मडक्यातल्या जिवाणूंना पानाचा मऊ गर पचतो, लिग्निन सहजी पचत नाही. वहीत कोरडी राहिली तर तुमची जाळी तुमच्या नातवंडांनाही दाखवाल.

जंगलात मात्र तिचीही सुटका नाही. लिग्निन फोडू शकणाऱ्या बुरशा असतात. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात रात्री जाऊन विजेऱ्या बंद करा. सुरुवातीला काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की खाली पडलेल्या ओंडक्याची कड फिकट हिरवी उजळलेली दिसते, मग बाजूची काटकी, मग पायाखालची पानं. तो उजेड कुजक्या लाकडात वाढणाऱ्या बुरशीचा. बोट लावलं तर गार लागतं. माझ्या पुतण्याने अशी काटकी खिशात घालून घरी आणली. वाळल्यावर विझली, तर त्याला वाटलं बॅटरी संपली.

(नम्र विनंती: काटक्या आणू नका. अभयारण्य आहे.)

निवृत्त मास्तर

अळ्या आपोआप होतात, असं आमच्या पिढीतले शिकलेसवरलेलेही म्हणायचे. मांस नासलं की त्यातूनच किडे ‘पडतात’. इटलीत फ्रान्चेस्को रेदीने १६६८ मध्ये हे मोडून काढलं, तेही पोराटोरांना जमेल अशा पद्धतीने. काही बरण्यांत मांस ठेवून तोंड उघडं ठेवलं, काहींच्या तोंडाला बारीक कापड बांधलं. उघड्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांत नाही. माश्या कापडावरच घिरट्या घालत राहिल्या.

त्याच्याही चारशे वर्षं आधी, १२४७ साली, चीनमध्ये सोंग त्स नावाच्या न्यायाधिकाऱ्याने एका खुनाच्या तपासाची हकिगत लिहून ठेवलीय. जखमा विळ्याच्या होत्या. मग गावातल्या सगळ्यांचे विळे उन्हात मांडून ठेवले. वरकरणी सगळे स्वच्छ, पण एकाच विळ्यावर माश्या गोळा झाल्या. मालक कबूल झाला. माशी आमच्या आधी हजर असायची म्हणता ना, ती तशी सगळ्यांच्याच आधी असते.

काकस्पर्श नको

कावळ्याचं कुणीच कसं काढलं नाही? तारेला चिकटून एक मेला की शंभर जमून कोकलतात. आजी म्हणायची दशक्रिया चाललीय. अमेरिकेत कायली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी तिथल्या कावळ्यांवर प्रयोग केला, मुखवटा घातलेली माणसं मेलेला कावळा हातात धरून उभी केली. नंतर आठवडे उलटले तरी ते मुखवटे दिसले की कावळे ओरडून अंगावर यायचे. म्हणजे निदान काही अंशी तरी तिथे चौकशी चालते, धोका कोणाकडून आहे याची. शोक असतो की नाही ते कावळे जाणोत.

तिसरा मजला

पुण्यात सोसायटीत राहतो. डक्टमध्ये कबूतर मेलं, मुलीने खिडकीतून पाहिलं. ती रोज सकाळी दात घासताना तिथे उभी. ‘आई, अजून तसंच आहे.’ ‘आई, आज माश्या.’ मग कोणीतरी तक्रार केली, सफाईवाले दादा काळ्या पिशवीत भरून घेऊन गेले. तेव्हापासून तिचा एकच धोशा, कुठे नेलं? कचरा डेपोत, म्हटलं. तिथून कुठे? हा धागा वाचून आता निदान काही सांगता येईल.

पण तिला ते बघायचं होतं, नुसतं ऐकायचं नव्हतं. फ्लॅटमध्ये काय दाखवू? अण्णांच्या नियमात बसेल असं सांगा. वय सहा.

ओढ्याकाठचा

अण्णांच्या नियमात पेरू बसतो. काचेच्या बरणीत तळाला बोटभर ओलसर माती (कुंडीतली चालेल, विकतची निर्जंतुक नको), त्यावर पिकलेला पेरू किंवा केळं. गॅलरीत सावलीत. मुलीला रोज चित्र काढू द्या. आधी डाग, मग कापसासारखी पांढरी बुरशी, तिच्यावर काळे ठिपके, मग फळ खचतं. बरणी उघडताना तिने नाक आत घालायचं नाही, बुरशीची पूड उडते.

@बालवाडीची बाई, तुमचं अर्धं मला मान्य. उरलेल्या अर्ध्यासाठी मी भांडणार आहे, सवडीने.

तिसरा मजला

केलं. बुरशीआधी चिलटं आली आणि ती वरच्या मजल्यापर्यंत पोचली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या नावाने मेसेज आहे. नवरा म्हणतो फेकून दे. मुलगी म्हणते, चिलटं पेरूतच होती. नवरा म्हणतो, बाहेरून आली. जेवताना हाच विषय.

निवृत्त मास्तर

ताई, फेकू नका. दुसरी बरणी घ्या, तसाच पेरू घ्या, तोंडाला जुन्या धोतराचं दुहेरी कापड रबरने घट्ट बांधा. जाळीचं कापड नको, चिलटं त्यातून जातात. पेरू मात्र बिनडागाचा, बिनचिरेचा बघून आणा आणि धुऊन घ्या. फुटक्या सालीवर त्यांनी बाजारातच अंडी घातलेली असतात, मग झाकूनही आतच निघतील आणि तुमच्या घरातला वाद आणखी वाढेल. दोन्ही बरण्या शेजारी ठेवा. ग्रुपवर लिहा, प्रयोग चालू आहे.